हवेतील आघाड्या कशा जन्मतात?

युरोपातील कोणत्याही देशाचा दैनंदिन हवामानाचा नकाशा पाहिला, तर त्यावर समभार रेषांच्या वळ्यांखेरीज आणखी काही ठळक रेषा आढळतात. एका निळ्या रेषेवर करवतीच्या दातांप्रमाणे लहान लहान त्रिकोण असतात. एका तांबड्या रेषेवर अर्धवर्तुळे असतात. कोठे जांभळ्या रेषेच्या एकाच बाजूस त्रिकोण आणि अर्धवर्तुळे आळीपाळीने येतात, तर कोठे ती परस्परांकडे पाठ करून बसलेली दिसतात. या रेषांना हवामानशास्त्रात ‘फ्रंट’ असे म्हणतात. मराठी शास्त्रीय ग्रंथांनी त्यासाठी ‘सीमापृष्ठ’ हा प्रतिशब्द योजला आहे, तर भूगोलाच्या पुस्तकांतून ‘आघाडी’ हा शब्द आढळतो. पहिला शब्द अधिक काटेकोर होय. कारण वस्तुतः ही रेषा नसून हवेत तिरके उभे असलेले एक पृष्ठ असते, आणि त्या पृष्ठाने जमिनीला जेथे स्पर्श केला तेथील खूण तेवढी नकाशावर उमटते. दुसरा शब्द मात्र इतिहासाला अधिक जवळचा आहे.

आपल्याकडे पाऊस ऋतूने येतो. उत्तर युरोपात तो वर्षाच्या कोणत्याही महिन्यात येतो, आणि बहुधा एखाद्या आघाडीबरोबर येतो. यामुळे तेथील शेतकऱ्याचे, कोळ्याचे आणि वैमानिकाचे सारे गणित या रेषा उद्या कोठे असतील यावर अवलंबून राहते.

आघाडी समजण्यासाठी प्रथम वायुराशी म्हणजे काय ते समजले पाहिजे. एखाद्या विस्तीर्ण व एकसारख्या प्रदेशावर हवेने काही दिवस मुक्काम केला, की त्या प्रदेशाचे गुण तिला लागतात. ढवळ्याशेजारी बांधलेल्या पवळ्याची म्हण हवेलाही लागू पडते. कॅनडाच्या बर्फाळ उत्तर भागावर रेंगाळलेली हवा कोरडी व अतिशय थंड होते. अझोर्स बेटांभोवतीच्या समुद्रावर साचलेली हवा उबदार व दमट होते. अशा हजारो किलोमीटर पसरलेल्या, अंतर्यामी एकजिनसी हवेच्या साठ्यास वायुराशी म्हणतात. या राशी आपापल्या जागा सोडून निघाल्या आणि एकमेकींसमोर आल्या, तर त्या सहजासहजी मिसळत नाहीत. थंड हवा जड, उष्ण हवा हलकी. त्या दोहोंच्या मध्ये पन्नास-शंभर किलोमीटर रुंदीचा एक पट्टा तयार होतो. तेवढ्या अंतरात तापमान पाच, दहा, प्रसंगी त्याहूनही अधिक अंशांनी बदलते. हाच पट्टा म्हणजे आघाडी.

टंचाईच्या वर्षातील शोध

ही गोष्ट आज शाळकरी मुलांनाही सांगितली जाते. पण ती प्रथम नीटपणे दिसली ती १९१८ साली, नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बर्गेन या गावात, आणि तिच्यामागे भुकेची चिंता होती. पहिल्या महायुद्धात नॉर्वे तटस्थ होता. तथापि त्याचे धान्य बाहेरून येत असे, आणि युद्धामुळे ती आयात आटली होती. १९१८ साली तेथे भाकरी-पिठाचे रेशन लागू झाले. देशातच अधिक पिकविणे आणि पिकलेले पावसात न भिजू देता घरात आणणे भाग होते. त्यासाठी हवामानाचा अंदाज हवा. परंतु नेमक्या त्याच वेळी ब्रिटन व अटलांटिक समुद्राकडील हवामानाच्या तारा युद्धकालीन गुप्ततेमुळे बंद झाल्या होत्या. नॉर्वेचे हवामान पश्चिमेकडून येते. त्या दिशेची खिडकीच जणू मिटली गेली.

व्हिल्हेल्म ब्यर्कनेस हे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक १९१७ साली जर्मनीतील लाइपत्सिग सोडून बर्गेनला आले होते. हवेच्या हालचाली गणिताच्या समीकरणांनी मांडता येतील, असा त्यांचा सिद्धांत. शेतकऱ्यांसाठी अंदाज देण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले आणि शासनाकडून मदत मिळविली. समुद्रापलीकडची माहिती मिळत नसेल, तर आपल्याच किनाऱ्यावर निरीक्षणांचे जाळे इतके दाट विणावे, की येणारे हवामान किनाऱ्याला लागताच त्याचा आकार ओळखता येईल, असा त्यांचा विचार होता. त्या एका उन्हाळ्यात दक्षिण नॉर्वेतील निरीक्षण ठाण्यांची संख्या सुमारे दहापट झाली. निरीक्षक कोण होते? दीपगृहांचे रखवालदार, कोळी, पाणबुड्यांवर नजर ठेवणाऱ्या टेहळणी ठाण्यांवरील माणसे. वारा कोठून वाहतो, पाऊस केव्हा लागला व केव्हा थांबला, ढग कोणते, हे पाहून ती तारेने वा टेलिफोनने कळवीत. ब्यर्कनेस कुटुंबाच्या घराच्या वरच्या मजल्यावर हे आकडे नकाशावर मांडले जात.

दाट ठाण्यांच्या नकाशावर जे दिसले ते विरळ ठाण्यांच्या नकाशावर पूर्वी कोणाला स्पष्टपणे दिसले नव्हते. कमी दाबाच्या क्षेत्रात पाऊस सर्वत्र सारखा पडत नव्हता; तो अरुंद पट्ट्यांत पडत होता. त्या पट्ट्यांवर वाऱ्याची दिशा एकाएकी वळत होती. व्हिल्हेल्म यांचे चिरंजीव याकोब ब्यर्कनेस यांनी यावर वयाच्या एकविसाव्या वर्षी लिहिलेला निबंध १९१९ साली प्रसिद्ध झाला. तो अवघ्या आठ पानांचा होता. हाल्व्होर सोलबर्ग आणि स्वीडिश शास्त्रज्ञ टोर बर्गेरॉन या तरुण सहकाऱ्यांनी पुढील तीन-चार वर्षांत त्या कल्पनेचे एका पूर्ण उपपत्तीत रूपांतर केले. युरोपभर खंदकांच्या आघाड्या चार वर्षे समोरासमोर उभ्या होत्या. त्या आठवणी ताज्या असतानाच या रेषांना ‘फ्रंट’ हे नाव पडले. आजच्या नकाशांवरील त्रिकोण आणि अर्धवर्तुळे यांची खूण बर्गेरॉन यांनी १९२४ साली लाइपत्सिगहून याकोब यांना धाडलेल्या एका साध्या पोस्टकार्डावर सुचविली होती.

शोधाचे श्रेय शास्त्रज्ञांना मिळाले ते योग्यच होय. पण दीपगृहाच्या रखवालदाराने पाऊस थांबल्याची वेळ अंदाजपंचे लिहिली असती, तर ती रेषा नकाशावर उमटलीच नसती, हेही तितकेच खरे.

पाचर उभी कशी राहते?

श्रोत्यांच्या मनात येथे एक शंका यावी. काचेच्या भांड्यात मध्ये पडदा घालून एका बाजूस पाणी व दुसऱ्या बाजूस रॉकेल ओतले आणि पडदा काढून घेतला, तर पाणी लगोलग रॉकेलच्या खाली सरकते. क्षणभराने दोहोंमधील सीमा आडवी सपाट होते. थंड हवा पाण्याप्रमाणे जड असेल, तर तीही उष्ण हवेखाली पसरून निवांत का होत नाही? दोघी दिवसेंदिवस समोरासमोर उभ्या राहतात त्या कशाच्या बळावर?

याचे उत्तर पृथ्वीच्या फिरण्यात आहे. फिरत्या पृथ्वीवर वाहणारी कोणतीही हवा उत्तर गोलार्धात आपल्या उजवीकडे वळते. थंड हवा उष्ण हवेखाली शिरू लागली, की तिची वाट वळते आणि ती सीमेला काटकोनात न जाता सीमेच्या कडेकडेने वाहू लागते. यामुळे थंड हवेची पाचर कोसळत नाही. ती तिरकी उभी राहते. हा उतार अतिशय सौम्य असतो. शीत आघाडीचे पृष्ठ एक किलोमीटर उंची गाठण्यास साधारण पन्नास ते शंभर किलोमीटर घेते. उष्ण आघाडीचे त्याहूनही आडवे, दीडशे ते तीनशे किलोमीटरांत एक किलोमीटर. चित्रांतून ते भिंतीसारखे उभे दाखवितात ती केवळ कागदाची अडचण.

या उताराचे गणित व्हिएन्ना येथील माक्स मार्ग्युलेस यांनी बर्गेनच्या शोधापूर्वीच, १९०६ च्या सुमारास मांडून ठेवले होते. पुढे त्यांनी हवामानशास्त्र सोडले. युद्धानंतरच्या महागाईत त्यांचे तुटपुंजे निवृत्तिवेतन मातीमोल झाले, मदत घेणे त्यांनी नाकारले, आणि १९२० साली उपासमारीने त्यांचा अंत झाला. उत्तरेकडे एका देशाच्या टंचाईतून जो शोध लागला, त्याचा पाया घालणारा माणूस दुसऱ्या देशाच्या टंचाईत गेला.

पाचर उभी राहते ती अशी. पण मुळात तापमानाचा सौम्य, हजार किलोमीटरांत पसरलेला फरक पन्नास किलोमीटरांच्या पट्ट्यात एकवटतो कसा? हवामानशास्त्रात यालाच आघाडीची निर्मिती म्हणतात. बर्गेरॉन यांनी व त्यांच्यानंतर स्व्हेर पेटरसन यांनी त्याची मीमांसा केली. कणकेचा असा एक गोळा कल्पावा, की जो डावीकडे पांढरा, उजवीकडे पिवळा आहे आणि मध्ये रंग हळूहळू बदलत गेला आहे. दोन तळव्यांनी तो डावी-उजवीकडून दाबला, तर कणीक पुढेमागे लांबते आणि मधला संक्रमणाचा भाग चिंचोळा होतो. वारे हवेला असेच दाबतात. दोन बाजूंनी वारे समोरासमोर येतात आणि उरलेल्या दोन बाजूंना फाकून जातात, तेथे तापमानाच्या रेषा एकमेकींजवळ ओढल्या जातात. एकदा फरक तीव्र झाला, की उष्ण हवा वर चढू लागते व थंड हवा खाली बसू लागते. जमिनीलगत तर हवेला खाली जाण्यास जागाच नसते. ती आडवी आत खेचली जाते आणि फरक अधिकच तीव्र होतो. ब्रायन हॉस्किन्स व फ्रान्सिस ब्रेथर्टन यांनी १९७२ साली गणिताने दाखवून दिले, की या क्रियेचा वेग वाढत जातो आणि जमिनीलगतची आघाडी अल्पावधीत धारदार होऊ शकते. काल नकाशावर नसलेली रेषा आज ठळक दिसते ती यामुळे.

कोण कोणाला हटवितो?

आघाड्यांचे प्रकार हे या एका प्रश्नाचे उत्तर आहे. दोघींपैकी कोणीच हटत नसेल, वारे सीमेच्या कडेने वाहत असतील, तर ती स्थिर आघाडी. तिच्याविषयी अधिक सांगण्याजोगे फारसे नाही. रिमझिम पाऊस आणि मळभ दोन-तीन दिवस एकाच प्रदेशावर टिकून राहते, एवढाच तिचा अनुभव.

उष्ण हवा पुढे सरकून थंड हवेची जागा घेऊ लागली, तर ती उष्ण आघाडी. ही आघाडी म्हणजे आकाशाने वेळेपूर्वी दिलेली वर्दी होय. उष्ण हवा हलकी असल्याने समोरच्या थंड हवेला धक्का देऊन ती हटवू शकत नाही. ती तिच्या पाठीवरून हळूहळू चढत जाते. चढण लांबलचक असल्यामुळे जमिनीवरील आघाडी अद्याप हजार किलोमीटर दूर असतानाच माथ्यावर उंच आकाशात पिंजलेल्या कापसासारखे तंतुमेघ दिसू लागतात. मग त्यांचा पातळ पडदा होतो आणि सूर्याला अगर चंद्राला खळे पडते. पडदा दाट व सखल होत जातो, सूर्य घासलेल्या काचेतून पाहावा तसा अंधुक होतो, नंतर दिसेनासा होतो. शेवटी करड्या वर्षास्तर मेघांतून संथ, न थांबणारा पाऊस लागतो आणि तो दोनतीनशे किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात तासन्‌तास पडतो. वायुभारमापकाचा पारा या सर्व काळात सावकाश उतरत असतो. आघाडी डोक्यावरून गेली, की पाऊस थांबतो, वारा नैर्ऋत्येकडून वाहू लागतो, हवा उबदार व दमट होते. चंद्राला खळे पडले की पाऊस येतो, हा उत्तर युरोपातील कोळ्यांचा जुना ठोकताळा पुष्कळदा खरा ठरतो, त्याचे कारण या लांब चढणीत आहे.

शीत आघाडीची तऱ्हा वेगळी. येथे थंड हवा आक्रमक असते. पाचरीप्रमाणे ती उष्ण हवेखाली घुसते आणि तिला नांगराच्या फाळाने माती उचलावी तशी वर उचलते. जमिनीशी होणाऱ्या घर्षणामुळे पाचरीचे टोक बोथट होते, उतार अधिक उभा होतो. उष्ण हवा वेगाने वर फेकली जाते, आणि ती पुरेशी दमट व अस्थिर असेल तर गर्जन्मेघांची एक रांगच उभी राहते. पाऊस जोराचा पण थोडा वेळ. कधी गारा, कधी विजा. वर्दी जवळजवळ नसतेच. आघाडी ओलांडताना तापमान घसरते, वारा नैर्ऋत्येवरून एकदम वायव्येकडे वळतो, उतरत आलेला पारा चढू लागतो. मागोमाग धुऊन काढल्यासारखे स्वच्छ आकाश आणि बोचरी हवा येते. जुन्या शिडाच्या जहाजांना सर्वांत मोठा धोका या वाऱ्याच्या अकस्मात वळण्याचा असे.

उष्ण आणि शीत आघाडी सहसा सुटी सुटी येत नाहीत. एका स्थिर सीमेवर एखादी लाट उठते. तिच्या पुढच्या अंगाने उष्ण हवा उत्तरेकडे सरकते, मागच्या अंगाने थंड हवा दक्षिणेकडे उतरते, आणि मध्ये हवेचा दाब कमी होऊन आवर्त जन्मास येते. याकोब ब्यर्कनेस व सोलबर्ग यांनी १९२२ साली या आवर्ताचे जन्म, तारुण्य व वार्धक्य अशा अवस्थांत वर्णन केले. त्याच्या वार्धक्याची खूण म्हणजे आघाडीचा चौथा प्रकार, मिटलेली आघाडी, इंग्रजीतील ‘ऑक्लूडेड फ्रंट’. शीत आघाडी अधिक वेगाने धावते, ती पुढच्या उष्ण आघाडीला गाठते, मधली उष्ण हवा जमिनीपासून सुटून वर उचलली जाते, आणि खाली दोन थंड हवांची गाठ पडते. बर्गेरॉन यांनी १९१९ साली हे प्रथम ओळखले. उष्ण हवेचा पुरवठा तुटला, की आवर्ताची शक्ती ओसरू लागते.

येथे एक दुरुस्ती नोंदविली पाहिजे. उपग्रहांची छायाचित्रे आल्यापासून असे दिसते, की शीत आघाडीने उष्ण आघाडीला गाठणे एवढ्यानेच ही क्रिया पूर्ण होत नाही. आवर्त फिरता फिरता दोन्ही आघाड्या व त्यांच्यामधील उष्ण हवेची जीभ स्वतःभोवती गुंडाळून घेते. समुद्रावरील काही आवर्तांत तर शीत आघाडी केंद्राजवळ तुटून अलग पडते. १९९० साली अशा आवर्तांचे निराळे चित्र शास्त्रज्ञांनी मांडले. बर्गेनचे चित्र रद्द झाले नाही, पण सर्व आवर्तांना एकच साचा लागू पडत नाही हे मान्य झाले.

एका शीत आघाडीची वाट पाहताना

आघाडीचा अंदाज किती मोलाचा ठरू शकतो, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जून १९४४ मधील होय. मित्रराष्ट्रांची फौज नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ५ जून रोजी उतरावयाची होती. जनरल आयझेनहॉवर यांचे मुख्य हवामान सल्लागार जेम्स स्टॅग यांच्याकडे तीन वेगवेगळ्या गटांचे अंदाज येत. त्यांतील एका गटात बर्गेनच्या परंपरेतील पेटरसन होते. आयर्लंड युद्धात तटस्थ असला तरी आपली निरीक्षणे ब्रिटनला पुरवीत असे. त्याच्या पश्चिम टोकावरील ब्लॅकसॉड येथे टपाल कचेरीतील एक तरुण महिला कर्मचारी दर तासाला वायुभारमापक पाहून आकडे कळवीत होती. ३ जूनच्या पहाटे तिने पारा झपाट्याने उतरत असल्याचे कळविले. आकडे पुन्हा तपासून पाठवा, अशी विचारणा तिला झाली. तिने तपासले, आकडे तेच होते. एक शीत आघाडी इंग्लिश खाडीकडे निघाली होती. मोहीम चोवीस तास पुढे ढकलण्यात आली. ती आघाडी गेल्यानंतर वारा काहीसा मंदावेल आणि ढग उंचावतील असा दुसरा अंदाज ४ जूनच्या रात्री देण्यात आला. ५ जूनच्या पहाटे आयझेनहॉवर यांनी निर्णय पक्का केला आणि ६ जूनला फौज उतरली. समुद्र त्या दिवशीही खवळलेलाच होता. पण ५ जूनला, म्हणजे आघाडीच्या तोंडावर ती निघाली असती, तर काय झाले असते, याची कल्पना नुसत्या त्या दिवसाच्या वाऱ्यावरून येते. ज्या तीन गटांत एकमत नव्हते, त्यांच्या वादाचा निकाल अखेरीस टपाल कचेरीतील वायुभारमापकाने लावला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

आपल्या आकाशात

आता प्रश्न असा, की या आघाड्या आपल्याकडे येतात काय? आपल्याकडील विद्यार्थ्यांना नॉर्वेच्या आवर्ताची आकृती तोंडपाठ असते; पण तसे आवर्त आपल्या गावावरून जात नाही, हे त्यांना सांगावयाचे राहून जाते. मोसमी पाऊस हा आघाडीचा पाऊस नव्हे. उष्ण कटिबंधात शेजारशेजारच्या हवांच्या तापमानातील फरक अल्प असतो, आणि पाचर उभी ठेवणारा पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम विषुववृत्ताकडे जावे तसा क्षीण होत जातो. बर्गेनची उपपत्ती १९३० च्या सुमारास बंगालच्या उपसागरातील वादळांना लावून पाहण्यात आली होती, पण ती तेथे रुजली नाही. ही वादळे तापमानाच्या फरकावर पोसत नाहीत. समुद्राच्या वाफेवर पोसतात.

विशेष असे, की ज्या याकोब ब्यर्कनेस यांनी आघाड्या ओळखल्या, त्यांचेच नाव पुढे आपल्या मान्सूनशी वेगळ्या वाटेने जोडले गेले. अमेरिकेत स्थायिक झाल्यावर १९६९ साली त्यांनी प्रशांत महासागरातील ‘एल निन्यो’ आणि वायुभारातील आंदोलन यांचा संबंध उलगडला. त्या आंदोलनाचा शोध सर गिल्बर्ट वॉकर यांनी मान्सूनच्या दुष्काळांची कारणे धुंडाळताना घेतला होता. वॉकर १९०४ ते १९२४ पर्यंत भारतीय हवामान खात्याचे प्रमुख होते. याकोब यांनी त्या अभिसरणाला वॉकर यांचेच नाव दिले. वॉकर यांचे मुख्यालय सिमल्याला होते. ते १९२८ साली पुण्यात आले, आणि शिवाजीनगरातील त्या इमारतीला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणूनच ओळखतात.

आघाडीची काही भावंडे मात्र महाराष्ट्राच्या परिचयाची आहेत. उन्हाळ्यात दुपारी कोकणच्या किनाऱ्यावरून खारा वारा आत शिरतो, त्याच्या अग्रभागी समुद्रावरील गार हवेची एक लहानशी शीत आघाडीच असते. घाट ओलांडून ती कधी कधी संध्याकाळी पुण्यापर्यंत पोचते. वळवाच्या पावसाआधी धुळीचे लोट उठवीत जो गार झोत येतो, तोही गर्जन्मेघाखालून कोसळलेल्या थंड हवेची पाचर असतो. पुढची उष्ण हवा ती उचलते आणि नवा ढग उभा करते. या आघाड्या काही तासांच्या.

खऱ्या आघाड्यांशी आपला दूरचा संबंध येतो तो पश्चिमी विक्षोभांमुळे. भूमध्य समुद्र, कास्पियन समुद्र या बाजूंनी निघालेली आवर्ते हिवाळ्यात इराण, अफगाणिस्तान ओलांडून हिमालयाच्या पायथ्याशी येतात. महिन्याला साधारण चार-पाच. एवढ्या प्रवासात त्यांच्या जमिनीवरील आघाड्या बहुधा पुसट झालेल्या असतात. उंचावरील थंड हवेचा द्रोण मात्र टिकून राहतो. पंजाब-हरियाणातील गव्हाला त्यांचा पाऊस जीवदान देतो, हिमालयातील नद्यांना बर्फ पुरवितो. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यांची दुसरी बाजू अधिक येते. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत, २०१४ साली, मराठवाडा, विदर्भ, सोलापूर आणि नाशिकच्या पट्ट्यात दिवसामागून दिवस गारपीट झाली. काढणीला आलेला गहू, ज्वारी, हरभरा झोपला. द्राक्षे व डाळिंबाच्या बागा सोलून निघाल्या. पश्चिमेकडून आलेली थंड हवा वर होती आणि समुद्राकडून आलेली दमट हवा खाली होती. युरोपातील आघाडीप्रमाणे त्या शेजारी शेजारी उभ्या नव्हत्या, एकीवर एक बसल्या होत्या. पण थंड व उष्ण हवेच्या वैराचे ते फळ होते, यात शंका नाही.

पाऊस न आणताही हे विक्षोभ आपला मार्ग महाराष्ट्रावर उमटवितात. विक्षोभ पूर्वेकडे सरकला, की त्याच्या पाठीमागे उत्तरेची कोरडी थंड हवा मोकळी सुटते. राजस्थान, माळवा ओलांडून ती दोन-तीन दिवसांत तापीच्या खोऱ्यात व गोदावरीच्या वरच्या अंगाला उतरते. ना ढग, ना विजा. फक्त वारा उत्तरेचा होतो आणि आकाश लख्ख होते. कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रावरील तापमापक अशा पहाटे कधी कधी पाच अंशांच्या खाली जातो, आणि त्याची बातमी सकाळी जिल्हाभर पसरते. पक्व होत आलेल्या द्राक्षमण्यांना या थंडीने तडे जातात. म्हणून निफाडच्या बागांतून मध्यरात्रीनंतर जागोजाग शेकोट्या पेटतात आणि धुराचा थर उजाडेपर्यंत वेलींवर धरून ठेवला जातो.